जिपारचे डोहाळे, तिनालीचा मासा

तिनालीच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघालेला आमच्या खोऱ्यात कोणी ऐकलेला नाही. त्याची बायको कालबुबू म्हणते, लग्नात मौलवीने "कबूल आहे का?" विचारलं तेव्हासुद्धा समोर दुसरीच कोणी असती तरी यानं मान डोलावलीच असती. यावर तिनाली हसतो. नाही म्हणत नाही.

वरच्या तळ्याकाठी पूर्वी गिर्यारोहकांची छावणी होती. तिथल्या होड्या सांभाळणं हे तिनालीचं काम. छावणी बंद पडली तेव्हा अख्खं गाव घोडे घेऊन चढलं. कोणी लोखंडी खाटा आणल्या, कोणी बंब, कोणी दरवाजे. इमानदार तिनाली शेवटच्या दिवसापर्यंत राखण करत बसला, आणि राखण कशाची करायची तेच उरलं नाही तेव्हा त्याच्या वाट्याला आली एक घडीची कायाक. ॲल्युमिनियमच्या बरगड्या, वर रबरी कातडं, मधे एक माणूस जेमतेम बसेल एवढं भोक.

गाव पोट धरून हसलं. "तिनालीची घोडी बघा! गवत खात नाही, शेणही टाकत नाही!" आमच्याकडे माणूस खोगिरावरच जन्मतो म्हणतात, आणि हा पठ्ठ्या पाय लांब करून पाण्यात बसतो. वर ट्राउट पकडतो. मासा म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या मते काटे घातलेलं पाणी. पण तळलेला मासा समोर आला की हेच म्हातारे आधी बाह्या सरसावतात, हेही सांगून टाकतो.

तर त्या वर्षी थंडी लवकर उतरली होती. एका शुक्रवारी तिनालीची मुलगी जिपार माहेरी चहाला आली, आईच्या कानाशी लागली, आणि सासरी परत गेली. सासर खालच्या वस्तीत, पुलापलीकडे. ती दिसेनाशी होताच कालबुबूने नवऱ्याला गोठ्यात नेलं. घरात बोलली असती तरी चाललं असतं, पण गुपित म्हटलं की तिला गोठाच लागतो.

"पोरीला दिवस गेलेत."

तिनालीचा चेहरा उजळला.

"हसू नका! बाहेर दात दिसले तरी लोक ओळखतील. दोनदा काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. दोन्ही वेळा जिपारची सासू सोनुनबुबू आनंदाने अशी वेडी झाली की पोट दिसायच्या आधीच साऱ्या खोऱ्यात बातमी पोचली. आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामाच माळ्यावर गेला. सोनुनबुबू मनाने लोण्यासारखी, पण तिच्या तोंडाला दार नाही. नजर लागली, असं कालबुबूचं ठाम मत.

"या वेळी तिच्या सासूलाही सांगितलेलं नाही. पोट स्वतः बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. तुम्ही तर मुळीच नाही."

"बरं."

"आणि तिला डोहाळे लागलेत. ट्राउटचे. पोरगी सांगताना रडली हो. म्हणाली, झोपेतसुद्धा वास येतो."

डोहाळे पुरवले नाहीत तर पोटातलं बाळ रुसतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि दोनदा रुसलेल्या घरात तिसऱ्यांदा परीक्षा कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी तिनाली तळ्यावर पोचला तेव्हा काठाला बर्फाची साय धरली होती. वल्ह्याने ती फोडत त्याने कायाक आत घातली. आणखी एखादी अशी थंडी पडली की तळ्याचं झाकण लागणार आणि ते वसंतातच उघडणार, हे त्याला दिसत होतं. आजचा मासा हाच काय तो मासा.

त्याची पद्धत त्याचीच. गळाला पितळी चमचा ठोकून केलेलं पातं, दोरा डाव्या गुडघ्याला गुंडाळलेला, हात वल्ह्यावर. मासा लागला की गुडघ्याला कळतं. ओढा तळ्यात उतरतो तिथे तळ एकदम खोल जातो. त्या कडेने तो फिरत राहिला. तोंडाने "ये गं बाई, ये" चाललं होतं. पाण्यावर तो कोणाशीही बोलतो, कारण तिथे कोणी काही मागत नाही.

दुपारपर्यंत दोन लागल्या, हातभरसुद्धा नाहीत. मग खिंडीतून वारा सुटला. कायाक पाचोळ्यासारखी आडवी फिरली आणि नेमका तेव्हाच गुडघा ओढला गेला. वल्हं सोडावं तर उलटणार, दोरा सोडावा तर जिपार. तिनालीने दोरा दातात धरला. मासा एकीकडे, वारा दुसरीकडे, आणि मधे हा, डोळ्यांतून पाणी, तोंडातून रक्त. शेवटी वाऱ्यानेच कायाक, मासा आणि माणूस, तिघांना उचलून काठाच्या गोट्यांवर आपटलं. मासा मोठा होता. पोट अंड्यांनी फुगलेलं, अंगावर लाल ठिपके. तिनाली त्याच्या शेजारी आडवा पडून बराच वेळ हसत राहिला. तिथे दात दिसले तरी चालत होते.

आता आमचा एक रिवाज सांगायला हवा. शिकारी शिकार घेऊन परतताना वाटेत कोणी भेटला आणि "शिराल्गा!" म्हणाला, की त्याला वाटा द्यायचा. नाही दिला तर पुढच्या वेळी शिकार पाठ फिरवते. मासा ही शिकार आहे का, यावर गावात फार वाद झाला होता. चेष्टा करायची तेव्हा मासा शिकार नसतो, खायचा असतो तेव्हा असतो, असा निकाल लागला.

घडी केलेली कायाक पाठीवर घेऊन तिनाली उतरू लागला. पहिल्याच वळणावर मेंढपाळ चोरो.

"शिराल्गा, तिनालीदादा! घोडी व्यायली वाटतं आज!"

एक छोटी ट्राउट गेली. मनात आलं, सांगावं, बाबा रे, घरात डोहाळे आहेत. एवढं म्हटलं असतं तर चोरोने कानाला हात लावून मासा परत दिला असता, वर एक कोकरू दिलं असतं. डोहाळकरणीच्या तोंडचा घास कोण घेतो? पण संध्याकाळपर्यंत सगळ्या कुरणांवर झालं असतं, तिनालीची पोर पोटुशी आहे म्हणून. त्याने पाठीवरची कायाक सावरली आणि पुढे निघाला.

दुकानाच्या पायरीवर बातिश. म्हातारीला दिसतं कमी, पण मासा दिसला.

"शिराल्गा, बाळा. माझं काय, आज आहे उद्या नाही."

हे ती माझ्या तरुणपणापासून म्हणते आहे. दुसरी ट्राउट गेली.

मग मात्र तिनालीला शहाणपण सुचलं. मोठा मासा त्याने कोटाच्या आत, उराशी धरला आणि बटणं लावली. थंडगार मासा बनियनला चिकटला. पण बाप असाच असतो. मान खाली घालून तो पुलाशेजारच्या आपल्या घराकडे झपाझप निघाला. आणि पुलावर, गाढवावर पिठाचं पोतं लादून, कोण उभी? सोनुनबुबू.

"कुदा!" व्याह्याला हाक मारणाऱ्या विहीणबाईंचा आवाज नदीच्या वर. "सगळं ठीक ना? अहो पण, कोटातून शेपूट कधीपासून फुटलं तुम्हाला?"

तिनालीने खाली पाहिलं. दोन बटणांमधून माशाचं शेपूट जगाला सलाम करत होतं.

"शिराल्गा!" सोनुनबुबू टाळ्या पिटत म्हणाली.

बाकी कोणाला एखादा चुकवेलही. विहिणीला? ज्या घरात मुलगी दिली त्या घराला? तिनालीने कोटातून मासा काढला आणि दोन्ही हातांनी दिला. देताना त्याच्या मनात आशेचा एक किरण आला: हिच्या घरीच तर जिपार आहे!

"आणि मासा घेऊन माणूस सोडीन होय मी? चला घरी. आमचे हे एकटेच भिंतीशी बोलत बसलेत."

घरी व्याही दोलोत. त्याने तिनालीला दारापासून लांब, मानाच्या जागी बसवलं, पाठीशी उशी दिली. जिपार डोक्याला रुमाल बांधून उंबऱ्याशी चहा ओतत होती. मासा पाहताच तिचा चहा वाटीबाहेर गेला. बापलेकीची नजर एकदा भेटली आणि दोघांनी घाईने वेगवेगळीकडे पाहिलं.

"सूनबाई, तळ गं हा. तुझ्या बापाने स्वतः उराशी धरून आणलाय," सोनुनबुबूने फर्मावलं.

वास पसरला. तिनालीला कोपऱ्यातून मुलीची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ कढईवर जरा जास्तच वाकलेली होती. मग मासा आला, आणि ठेवला गेला थेट तिनालीपुढे. पाहुणा तो. त्यातही व्याही. सून काय, ती मागाहून, उरलंसुरलं.

"घ्या कुदा. डोकं तुमचं. मेंढीचं नाही, पण डोकं ते डोकं."

"मला फारशी भूक..."

"भूक नाही? मग आमच्या घरात काही खुपलं का?"

झालं. तिनालीने घास तोंडात घातला. मुलीच्या तोंडचा घास तिच्यासमोर चावायचा, वर "वा" म्हणायचं. तो एकेक काटा निवडत, मुंगीच्या चालीने खाऊ लागला, की ताटात राहील ते आत जाईल. पण दोलोतला ती चाल कुठून कळणार? त्याने एक बाजू बघता बघता संपवली, अंडी भाकरीवर पसरून मटकावली आणि मासा उलटवला.

तेव्हा तिनालीने आयुष्यातली एकमेव चलाखी केली. एकदम दोन्ही हात वर केले, घाईघाईने दुवा पुटपुटला, "ओमिन!" म्हणून तोंडावरून हात फिरवला. दुवा झाली की पंगत उठली. मग घास चिवडायचा नाही. दोलोतचा हात माशावरून परत आला, तोंड उघडंच.

"कुदाला नमाजाची घाई दिसते," तो हिरमुसून म्हणाला.

मासा अर्धा उरला होता. जिपार ताट उचलायला वाकली. तिनालीने उशीला पाठ टेकली.

"थांब!" सोनुनबुबू म्हणाली. "तुझ्या आईला नको का? पाहुणा रिकाम्या हाताने पाठवतेस? बांध तो सगळा, नीट बांध. अगं, असं काय बघतेस?"

"तिकडे नको," तिनाली कसाबसा म्हणाला. "कालबुबूला मासा..."

"आवडत नाही? मग तर मुद्दाम द्यायलाच हवा, आमच्या हातचा खाऊन आवडेल!" असं म्हणून सोनुनबुबू हसत सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जिपारने फडकं पसरलं, मासा ठेवला, भाकरी ठेवली, गाठ मारली. सासू देखरेखीला. तिने पुरचुंडी बापाच्या हातात दिली तेव्हा ती अजून गरम होती. जिपारची मान वर झाली नाही.

घरी कालबुबू कढई धुऊन, चूल पेटवून बसली होती. तिनालीने पुरचुंडी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.  मग तिने गाठ सोडली. अर्धा मासा जसाच्या तसा.

"तळ्याचं काय?"

"काठ गोठला होता सकाळीच. उद्या बघतो." त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की उद्या बघायला काही नाही.

कालबुबूने दिवा जवळ ओढला. "हे काय?"

शेपटाजवळ मासा कोरला होता. जरासाच, नखाएवढा.

"तुम्ही खाल्लंत?"

"आम्ही दुसरीच बाजू खाल्ली."

"दोलोतने?"

"त्याच्या आधीच मी ओमिन केलं."

दोघं त्या खड्ड्याकडे बघत बसली. कालबुबूने करंगळीचं नख त्यात टेकवून पाहिलं. बरोबर मावलं.

"एवढ्याने भागतं का हो?"

"भागतं," तिनाली म्हणाला.

"तुम्ही काय, कशालाही हो म्हणाल."

 जिपारला विचारायला जावं तर सोनुनबुबू दारात. कालबुबूने मासा पुन्हा फडक्यात झाकला. खायचा दोघांनाही धीर नव्हता आणि टाकायचाही नव्हता.

"मला रानबोकडाच्या काळजाचे लागले होते," ती फडक्याला गाठ मारत म्हणाली. "तुम्ही सांगितलंत आणतो. आणलं नाहीत."

"मग?"

"मग काय? जिपार झाली."

हा धीर होता की टोमणा, ते तिनालीला कळेना. विचारायचीही सोय नव्हती. त्याने नुसती मान डोलावली आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.