क्रेनमामांच्या कॅलरी

वयाची बावन्न उलटली, तरी हुद्दा अजून ‘वॉर्डबॉय’च. इस्पितळात सगळे त्यांना क्रेनमामा म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं मामा पेशंट उचलत आले होते. पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर, आणि तिथून पुन्हा पलंगावर. आता मात्र कंबरेनं हात टेकले होते. सकाळी पायात मोजेसुद्धा बायकोच चढवायची. मामांना ते फार लागायचं.

खाली रेकॉर्ड रूममध्ये एक जागा रिकामी झाली होती. बसायला खुर्ची, समोर फायली, उचलायचं काय तर पेन. मामांनी लगेच अर्ज टाकला. पण अर्ज आले तिघांचे, आणि कंबर तिघांचीही दुखत होती! मग ऑफिसातल्या साहेबांनी डोकं चालवलं. महिनाभर तिघांनी मनगटावर कॅलरी मोजणारा पट्टा बांधायचा. ज्याच्या कॅलरी जास्त जळतील त्याचं काम सगळ्यांत जड, खुर्ची त्याची.

मामा हरखले. इतक्या वर्षांत आपलं काम पहिल्यांदाच कुणीतरी मोजणार होतं.

आठवड्यानं आकडे लागले. पहिला नंबर रक्ताच्या बाटल्या आणि कागद पोचवणाऱ्या शिपायाचा, जो दिवसभर हात झुलवत हिंडायचा. दुसरी जिने पुसणारी मावशी. मामा तळाला, तेही सपशेल.

मामा तडक ऑफिसात गेले.

“साहेब, हे यंत्र बिघडलंय.”

“बिघडलेलं नाही हो, मामा. त्याला हाताची हालचाल कळते आणि नाडीचे ठोके. हातात काय आहे ते त्याला काय ठाऊक? मी जिममध्ये घाम गाळून वजनं उचलतो ना, तेव्हाही हा पट्टा असाच हात आखडता घेतो.”

“मग वजन उचलायचं काही बटण वगैरे?”

“आहे की. पण ते व्यायामासाठी. ड्यूटीवर नाही दाबायचं.”

मामांची सगळी करामतच मनगटात होती. पेशंट उचलताना ते जराही हलू द्यायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही, श्वास संथ ठेवायचा. नाडीलाही आताशा ओझ्याचं काही वाटेनासं झालं होतं. म्हणजे जे आयुष्यभर शिकले, तेच आता मुळावर आलं होतं.

“मग नवशिक्यासारखं उचला,” वॉर्डच्या सिस्टर हे ऐकून वैतागून म्हणाल्या. “धडपडत. बघा आकडा कसा पळतो ते.”

मामांनी ते खरंच करून पाहिलं. खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. त्यांना मामांनी हिसका देऊन उचललं. “आई गं!” आजी कळवळल्या. पट्ट्यावरचा आकडा टुणकन वर गेला. महिन्याचे तीन आठवडे हातात होते. हे असंच रेटलं असतं तर मामांनी शिपायाला सहज गाठलं असतं. पण त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी आजींच्या पलंगाकडे ते परत फिरकलेच नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी आजींना पुन्हा एक्स-रेला न्यायचं होतं. मामांना पाहताच त्यांनी डोळे गच्च मिटले.

“उचलायच्या आधी सांगा हं, मामा. त्या दिवशी जीवच गेला होता माझा.”

मामांनी एक हात पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. कंबरेतून कळ थेट टाचेपर्यंत गेली. मामांनी दात आवळले, मनगट हलू दिलं नाही.

“आता उचलताय ना?” आजींनी विचारलं.

“झालं, आजी. टेबलावर आहात तुम्ही.”

आजींनी डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. “अगंबाई! उचललंत कधी? मला तर कळलंच नाही.”

मनगटावर पट्टा थरथरला. मामांनी चष्मा वर करून वाचलं: ‘बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं हिंडा.’

“त्यालाही नाही कळलं,” मामा म्हणाले, आणि कंबरेवर हात ठेवून पुढचा पेशंट आणायला निघाले.