आईच्या हसण्याचं कारण आज कळलं

मंडळी, आज सकाळी कॉम्प्युटरची सिस्टिम अपग्रेड करायला बसलो. आधी बॅकअप घेतला. सगळं हार्ड डिस्कवर नीट उतरलंय का, हे बघायला एक फाइल उघडली आणि आईचा आवाज आला.

सत्तरच्या दशकातली कॅसेट, मागे कधीतरी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली. फौजी काकांनी सुट्टीत टेपरेकॉर्डर आणला होता, तेव्हाची. आई मूळची कर्नाटक सीमेवरच्या जतकडची. मावशीशी कन्नडमध्ये बोलतेय आणि दोघी पोट धरून हसतायत. मला कन्नड येत नाही. त्या दोघीही आता नाहीत.

जतच्या मामेभावाला फोन लावून ऐकवलं. तोही हसायला लागला.

"आवं दादा, आत्ती सांगत्यात, नवी नवरी म्हनून कोरेगावात सासरी आल्ती तवा लय भूक लागली. मराठी येत न्हवतं. म्हनून नुसत्या हातानं भाकरी थापल्यागत करून दाखवलं. तर सासूला वाटलं आरती म्हनतीय, ती बी टाळ्या वाजवाय लागली!"

फोन ठेवला तरी माझं हसू थांबेना. सांगायला म्हणून उठून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तिथं कुणी नव्हतं. बायको जाऊन वर्ष झालं, तरी पाय तिकडेच वळतात.

अपग्रेड राहिलंच. तुम्हाला सांगितलं, जरा बरं वाटलं. अशी गोष्ट कळली की तुम्ही आधी कुणाला हाक मारता?