जेवण नाही तर सुई नाही

माझ्या धाकट्या बहिणीला रोज सकाळी सुई मी द्यायचे. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांतली. तेराव्या वर्षी तिला मधुमेह निघाला होता. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, शेजारच्यांच्या फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली आणायची, तिची मांडी चिमटीत धरायची. आईचे हात थरथरायचे आणि बाबा तोंड फिरवायचे. मी विलेपार्ल्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकत होते, त्यामुळे घरातली डॉक्टर आपसूक मीच झाले. खरं सांगायचं तर तो मान मला आवडायचा.

घरात एक नियम होता. मागे एकदा सुई घेऊन ती न जेवताच आडवी झाली, घामाने भिजली आणि असंबद्ध बडबडायला लागली. साखरेचं पाणी पाजून ती सावरल्यावर आमचे डॉक्टर म्हणाले, "सुई दिली की जेवलंच पाहिजे." आईने ते वाक्य उलटं करून पाठ केलं. जेवण नाही, तर सुई नाही. ऐकायला बरोबरच वाटायचं. पोटात काही गेलंच नाही, तर साखर येणार कुठून? एवढं शास्त्र शिकून मलाही त्यात खोट दिसली नाही.

एका दिवाळीत पाडव्याच्या सकाळी ती ओकायला लागली. पोट बिघडलं असणार. चहा टिकेना, भाताची पेज टिकेना. सिरिंज उकळून तयार होती.

आई म्हणाली, "पोटात कण नाही पोरीच्या. आज राहू दे ती सुई."

मी सिरिंज पुसून डब्यात ठेवून दिली.

दिवसभर ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत राहिली, प्यायली की ओकत राहिली. भाऊबीजेच्या सकाळी मी लघवी तपासली. निळ्या औषधात थेंब टाकून काचेची नळी गरम करायची. साखर नसेल तर रंग निळाच राहतो, असेल तसा हिरवा, पिवळा होत जातो. त्या दिवशी नळीत बघता बघता विटकरी गाळ बसला. विटकरी म्हणजे भरमसाट साखर.

माझं डोकंच फिरलं. काल सकाळपासून कण नाही खाल्ला म्हणते, मग ही साखर आली कुठून? फडताळात बेसनाच्या लाडवांचा डबा होता. मी तिच्या अंथरुणापाशी जाऊन ओरडले, "चोरून लाडू खाल्लास ना? आम्ही इथे मरमर मरतोय आणि तू लाडू हाणतेस?"

"नाही खाल्ला गं ताई."

"खोटं बोलू नकोस."

ती रडलीसुद्धा नाही. तेवढं त्राण नव्हतं. धावत आल्यासारखी मोठमोठे श्वास घेत होती, आणि त्या श्वासाला एक गोडसर वास होता. मी वाकले आणि तो वास ओळखला. आमच्या प्रयोगशाळेतल्या ॲसिटोनच्या बाटलीचा वास; नेलपॉलिश पुसायच्या औषधातही तेच असतं. वासाचं नाव मला ठाऊक होतं आणि तरी मी तिला काय विचारावं? "नेलपॉलिश काढलंस का गं?" आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिचे डोळे अर्धवट मिटले होते. बाबा दवाखान्याकडे धावले, तर दिवाळीचं कुलूप. मग त्यांनी तिला उचललं, आम्ही रिक्षात कोंबून बसलो आणि मोठं हॉस्पिटल गाठलं. रस्ताभर मी तिचा हात चोळत होते. दुसरं काही करता येत नव्हतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी श्वास पाहिला, तिच्या तोंडाशी वाकल्या आणि विचारलं, "शेवटची सुई कधी दिली?"

"परवा सकाळी."

"का? बंद का केली?"

"जेवत नव्हती," मी म्हटलं.

सलाइन लावता लावता त्या बोलत होत्या. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "खाल्लं नाही तरी लिव्हर साखर तयार करतं. आजारपणात तर जास्तच. इन्सुलिन नसेल तर शरीराला ती वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साचतं. तो वास त्याचाच. उलट्या सुरू झाल्या की सुई बंद नाही करायची, त्याच दिवशी इथे आणायचं. किती द्यायची ते आम्ही सांगू."

म्हणजे सुईची सर्वांत जास्त गरज होती, नेमकी तेव्हाच मी ती डब्यात ठेवली होती.

दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. आम्ही तिघं बाकावर बसून नुसते दाराकडे बघत होतो. मधे मी कपडे आणायला घरी गेले आणि फडताळातला लाडवांचा डबा काढला. आईने झाकणाखाली घट्ट बसवलेला वर्तमानपत्राचा कागद होता तसाच होता. स्वयंपाकघरात बसून मी हमसून हमसून रडले.

ती वाचली. आठवड्याने घरी आली, हडकलेली, पण आली. दुसऱ्या सकाळी मी सिरिंज उकळली, औषध भरलं आणि तिच्याजवळ बसले. आदल्या रात्रीपासून मनात वाक्य जुळवत होते. चुकलं माझं, तू नव्हता खाल्लास.

मी तोंड उघडायच्या आधी तिने हात पुढे केला.

"दे इकडे."

"तुला नाही जमायचं गं."

"दे."

मी दिली. माझ्याकडे बघत तिने ती स्वतःच्या मांडीत खुपसली. आता ती पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्या सकाळनंतर माझ्या हातून तिने एकही सुई घेतलेली नाही.