मामांचा फ्रीजर

"आदी कागदावर हुडका म्याडम, मंग दार उघडा."

फ्रीजरच्या मुठीवर हात ठेवून मामा हे म्हणायचे. मग चष्मा कपाळावर चढवायचे, दार उघडायचे आणि मोठ्यांदा आकडे मोजायला लागायचे. वीस झाले की दार बंद, तुमचं काम झालेलं असो नसो. एकदा आमचे मोठे साहेब आत नळी शोधत राहिले, तर मामांनी विसाव्या आकड्याला दार लावलं ते साहेबांच्या बाहीसकट. साहेब ओरडले. मामा शांतपणे म्हणाले, "तुमाला काय व्हायलंय साहेब, तुमी बाहेर हायेत. आतल्या रक्तानं कुठं जावं?"

परभणीतली आमची प्रयोगशाळा जनावरांच्या रोगांची. गावोगावच्या गाईबैलांचं रक्त येतं. त्यातलं वरचं पाणी काढून बोटाएवढ्या नळ्यांत भरायचं आणि उणे ऐंशीच्या थंडीत ठेवायचं, म्हणजे पुढे साथ आली तर जुनं काढून ताडून बघता येतं. मामा तिथे परिचर होते, रोजंदारीवर, चौदा वर्षं. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. हजेरीत सगळ्यात खाली आणि कामात सगळ्यांच्या आधी.

फ्रीजर त्यांनी एसटीच्या हिशोबानं लावला होता. पेडगाव, झरी ही जवळची गावं, तिथून सारखे नमुने यायचे, म्हणून ती दाराशी. पालम लांब, म्हणून पार तळाशी. "जवळच्या गाडीला दारात उभं करावं, लांबचीनं डेपोत झोपावं," असं त्यांचं शास्त्र. नळीवर कापडी चिकटपट्टी, पट्टीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. शाई थंडीत उडते, पेन्सिल उडत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय एक लांबट वही. तिच्यात प्रत्येक डब्याचा चौकटीचा नकाशा आणि चौकटीत जनावराची ओळख: "झरी, पांढरा खोंड, कान फाटका." "पालम, चांदवी गाय, लय मारकी."

मी नवीन लागले तेव्हा ती वही वाचून पोट धरून हसले होते. मारकी! ही काय शास्त्रीय नोंद झाली? मी तेव्हा फार शहाणी होते. नवी नोकरी, नवा कॉम्प्युटर, छापील स्टिकर. पंधरा दिवसांत फ्रीजर सुधारून दाखवते, असं मी साहेबांना सांगून टाकलं.

मामांच्या पट्ट्या मी खरवडून काढायला लागले. ते शेजारी उभे. म्हणाले, "म्याडम, गार नळीला ते चिकटायचं न्हाई. दव धरायलंय बघा. थोडं सबूर करा. नवीन नळ्यांना आदी लावू, मंग भरू. जुन्याला माझी पट्टी ऱ्हाऊ द्या."

"मामा, स्टिकर कंपनीचा आहे," मी म्हणाले.

"कंपनीला काय ठावं इथली नळी किती गार हाय."

मी ऐकलं नाही. नळी काढली, बोटानं दव पुसलं, स्टिकर दाबला, नव्या डब्यात ठेवली. स्टिकरवरचा कुठला नंबर कुठल्या जनावराचा हे कॉम्प्युटरात होतं. कुठली नळी डब्यातल्या कुठल्या भोकात, हे स्टिकर सांगणारच होता, म्हणून ते मी कुठेच टिपलं नाही. मामा मात्र स्टुलावर बसून वहीत काहीतरी लिहीत होते. "आता कशाला लिहिता? संपली वही," मी म्हणाले. ते पुढची चौकट आखायला लागले.

त्याच दिवसांत त्यांची कायम होण्याची फाईल वर गेली होती. दर सोमवारी विचारायचे, "फाईल कुठवर आली असल वं?" कागद येईल त्या दिवशी घालायला पांढरा सदरा शिवून ठेवलाय, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. लाजत सांगितलं होतं.

चार महिन्यांनी साथ आली. जुने नमुने तातडीनं मागितले गेले. मी डबा उघडला. स्टिकर वाळक्या पानांसारखे डब्याच्या तळाशी पडलेले. नळ्या सगळ्या सारख्या, सगळ्या बिननावाच्या. झरीची कुठली, पालमची कुठली, देव जाणे.

चौकशीला वरून दोन अधिकारी आले. मामांना वाटलं, फाईलचं काम निघालं. ते पांढरा सदरा घालून आले. केसांना तेल लावून, काखेत वही धरून दाराशी उभे राहिले. मला सगळं दिसत होतं.

"फ्रीजर कोण बघतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "फ्रीजरचं सगळं काम मामांकडेच असतं."

बघा, यात खोटं एक अक्षर नाही. म्हणूनच ते मला इतक्या सहज बोलता आलं. स्टिकर कुणी लावले हे त्यांनी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा कागद सरळ करत बसले.

"व्हय साहेब," मामा म्हणाले. "फ्रीजर माझ्याच हाताखाली हाय."

"आणि ती वही कसली?"

"ही व्हय? घरची हाय साहेब. किरकोळ."

त्या दिवशी ते पाच वाजेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते. माझी वाट बघत होते, हे मला कळत होतं. मी मागच्या दारानं घरी गेले.

त्यांच्या नावापुढे "निष्काळजी" असा शेरा पडला. फाईल परत आली. एक तारखेपासून येऊ नका, असं त्यांना तोंडी सांगितलं गेलं. जाताना त्यांनी ती वही माझ्या टेबलावर ठेवली. "नळ्या जाग्यावरच हायेत. कुटली कुटल्या भोकात, समदं लिवलंय. मांडून घ्या." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी दार लावून वही उघडली. माझे सगळे नवे डबे तिच्यात होते, चौकटीन् चौकट भरलेली. कान फाटका खोंड, चांदवी मारकी गाय, सगळी जनावरं आपापल्या भोकात. दोन दिवसांत एकूण एक नमुना ओळखता आला. साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं, वरून शाबासकीचं पत्र आलं. ते मी घेतलं. लाज वाटत होती तरी दोन्ही हातांनी घेतलं.

वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ खोडरबरानं खोडलेली होती. मामा पेन्सिल दाबून लिहायचे. पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं की कागदावरचे वळ वाचता यायचे. मी त्याच आठवड्यात वाचले होते. चौकशीच्या दिवशी ती ओळ होती की त्याआधीच खोडली होती, मला माहीत नाही. पण वही त्यांनी साहेबांना दिली नाही, मला दिली. बोलायचं ते माझ्यावर सोडलं. मी वही कपाटात टाकली आणि कुलूप लावलं.

नऊ वर्षं झाली. आता मी तिथली प्रमुख आहे. नवीन मुलींना मीच सांगते, आधी कागदावर शोधा, मग दार उघडा. त्या मला फार शिस्तीची समजतात. हे वाक्य कुणाचं, ते मी एकदाही सांगितलं नाही. मामांचं पेडगाव इथून कितीसं लांब! दर दिवाळीत ठरवायचे, जाऊन यावं, मामांच्या पाया पडावं. गेले नाही.

गेल्या महिन्यात पेडगावचे एक शेतकरी बैलाचं रक्त घेऊन आले. मी मामांची चौकशी केली. ते म्हणाले, "ते व्हय? गेले की वं, पोळ्याच्या आदल्या दिशी. तुमच्या फ्रीजरचं लय सांगायचे. माझ्या हाताखाली व्हता म्हनायचे."

मी त्या शेतकऱ्यांकडचं रक्त घेतलं, वरचं पाणी नळीत भरलं. त्यांच्यासमोर फ्रीजर उघडला आणि वीस मोजायच्या आत दार लावलं. मग कपाटातली वही काढली आणि त्या वळांवरून पेन्सिल फिरवली. खरं काय ते मी, मामा बाकावर बसले होते त्या दिवशीच, तोंडानं सांगायला हवं होतं. ओळ अशी आहे:

"नव्या पट्ट्या म्याडमनी लावल्या. नळ्या गार होत्या. त्यांना नीट समजावून सांगायला मी कमी पडलो."