सुशीलाचा जबाब

कापूस फुटून शेत पांढरंधोप झालं होतं आणि बाप जेलात होता. हदगाव तालुक्यातलं आमचं गाव. बांधावरून भावकीत जुंपली, बापाच्या हातातली काठी चुलत्याच्या डोक्यात बसली. टाके पडले, केस झाली, शिक्षा लागली. त्या हंगामात शाळा सोडून मी आईबरोबर वेचणी केली. बोंडांनी बोटं फाटली की आई थांबायची आणि एकच वाक्य म्हणायची, "एकानं तरी गावात येऊन इचारायचं व्हतं, ह्यो माणूस कसा हाय म्हून."

शिक्षेआधी असं विचारायची कायद्यात सोय आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुढे परीक्षा दिली आणि ते विचारायचीच नोकरी मिळवली. परिविक्षा अधिकारी, लातूर. बापाला हा शब्द अजून म्हणता येत नाही. पाहुण्यांना तो सांगतो, "पोरगी कोर्टात हाय. वकील न्हाई, पोलीस न्हाई, जज न्हाई. पर तिघायलाबी तिला इचारावं लागतं." शेवटचं वाक्य जरा जास्तीचं आहे, पण मी ते खोडून काढत नाही.

रेणापूरच्या बाजूच्या एका पोराची केस आली. शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर उचलून त्यानं स्वतःच्या विहिरीवर बसवली होती. स्वतःची जळाली होती म्हणून. शेजाऱ्यानं आपली मोटर नुसत्या आवाजावरून ओळखली. पोरानं कोर्टात गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी मला अहवाल मागितला: घर कसं, वागणूक कशी, सुधारेल का. अहवाल बरा आला तर चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर घरी, नाहीतर आत.

गावात बोभाटा करू नये, माणसाची लाज राखावी, असं आम्हाला शिकवलेलं. म्हणून पारावर पोराचं नाव घेऊन मी एवढंच म्हटलं, "चौकशीला आलेय. मुलगा कसा आहे?"

पारावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकानं खांद्यावरच्या टॉवेलनं दगड पुसला. "बसा ताई. पोरगं म्हंजी सोनं."

"दारू पितो का?"

"च्याबी पीत न्हाई."

"भांडणतंटा?"

"त्याला तोंडच न्हाई ओ."

"शेतीला पाणी?"

"मोटर हाय की!" असं म्हणणाऱ्याला शेजारच्यानं असं कोपर मारलं की तो पारावरून उठूनच गेला.

मी भारावले. इतका चांगला चोर मी पाहिला नव्हता.

पोराच्या घरी गेले तर त्याच्या आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. पोरगा इस्त्रीच्या शर्टात, नजर पायाच्या अंगठ्यावर. माझ्यापुढं ताटभर सुशीला आली, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वर कोथिंबीर. मी खाता खाता विचारलं, "आधी कधी असं केलंयस?"

"न्हाई. पहिलीच वेळ."

"पुन्हा करशील?"

तो लाजला. "न्हाई. एकदाच. जन्मभरासाठी."

मी मोबाइलवर टाइप करता करता थांबले. तेवढ्यात त्याची मावशी म्हणाली, "तुमी सोताच बगायला आलाव ते बेस केलंव, ताई. आताच्या पोरी अशाच पायजेत. शिक्षण कुठवर झालंय म्हणलाव?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. शेती करणाऱ्या पोरांना हल्ली कुणी मुलगी देत नाही. म्हणून अख्ख्या गावानं ठरवलं होतं, कुणाचंही स्थळ आलं की एकानंही मोडता घालायचा नाही.

"मी कोर्टातून आलेय," मी म्हटलं.

आई मटकन खाली बसली. "म्हंजी जेलाचं पावणं हाय व्हय हे." पोरगा इस्त्रीच्या शर्टासकट गोठ्यात जाऊन बसला.

दारात एक म्हातारा उभा होता. तोच मोटरवाला शेजारी, केसमधला फिर्यादी. तोही ठरल्याप्रमाणे पोराचं चांगलं सांगायला आला होता. मी विचारलं, "काका, आता खरं सांगा."

"खरं काय आन् खोटं काय? तुमी लग्नाच्या म्हून चांगला म्हणणार व्हतो. आता कोर्टाच्या हाव तर बी तेच म्हणतो."

"मग केस का केली?"

"मला मोटर पायजे व्हती. पोरगं जेलात पायजे आसं मी कुटं म्हणलं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं अहवालात घातलं. अहवाल भरायच्या अ‍ॅपला ठिकाणासकट घराचा फोटो लागतो. फोटो म्हटल्यावर सगळे ओळीत उभे राहिले, मधोमध फिर्यादी, हातात माझं उरलेलं ताट.

सुनावणीला मी लातूरच्या ऑफिसातून लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलनं हजर होते. न्यायाधीश कोकणातले, नवीनच आलेले. आवाज तुटत होता.

"फोटोत मध्ये कोण आहे?"

"फिर्यादी, सर."

"तो आरोपीच्या घरी काय करतोय?"

"सर, ते सुशीला..." आवाज गेला.

"सुशीला कोण? अहवालात तिचं नाव नाही. जबाब घेतलात का?"

"नाही सर. खाल्ली."

"काय?"

शेवटी कोर्टातला कारकून उठला. "साहेब, चुरमुऱ्याची आसती ती. नाश्त्याला." लॅपटॉपमधून हसण्याचा लोट आला. पोरगा तेवढा हसत नव्हता. त्यानं कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. कापसाच्या त्या हंगामाआधी माझा बापही असाच उभा राहिला असेल.

न्यायाधीशांनी फिर्यादीला विचारलं. म्हाताऱ्यानं तेच वाक्य पुन्हा सांगितलं. थोडा वेळ कागद चाळून न्यायाधीश म्हणाले, "एक वर्षाचा बाँड. मॅडमच्या देखरेखीखाली."

दर महिन्याला पोरानं मोबाइलवरून हजेरी द्यायची, फोटो आणि ठिकाण. गावात रेंज एकाच जागी मिळायची, फिर्यादीच्या विहिरीच्या काठावर. ज्या विहिरीवरनं मोटर नेली, तिथंच उभं राहून तो मला तोंड दाखवायचा. पहिल्या फोटोत एकटा होता. पुढच्यात कडेला म्हाताऱ्याचं कोपर आलं. मग अर्धा म्हातारा. एकदा तर नुसता म्हाताराच आला. मी पोराच्या नंबरावर फोन लावला, उचलला म्हाताऱ्यानं.

"काका, हजेरी दुसऱ्याची चालत नाही."

"पोरगं माझ्या उसाला पाणी द्यायलंय. मोटर बंद करून धाडू का?"

"धाडा."

धाडलं. फोटोत पोराचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते.

वर्ष झाल्यावर मी शेवटचा अहवाल दिला आणि हदगावला फोन केला. बापानं विचारलं, "गावात जाऊन इचारलं व्हतंस का, कसा हाय म्हून?"

"विचारलं होतं."

"हां," बाप म्हणाला, आणि फोन आईकडं दिला.

पोराचं लग्न अजून जमलेलं नाही, ते माझ्या खात्यात येत नाही. बाँड मोडला नाही. नवी तक्रार आली नाही. कोर्टानं केस बंद केली. शिक्षा म्हणून तो एक दिवसही जेलात गेला नाही.