मातशें म्हणजे किती

मुळगावातल्या आमच्या शेजाऱ्याला आकड्यांचं वावडं आहे. किती लांब विचारा, किती वेळ विचारा, उत्तर एकच: "मातशें." म्हणजे थोडंसं. आमचं वासरू वाढेना, म्हणून त्याने माशाचं तेल आणलं.

"दुधातून मातशें पाज."

"किती चमचे?"

"भाऊ, तू वासरालाही फूटपट्टी लावशील."

मग तोच रोज येऊन, माझ्याशी बोलत बोलत, बाटली तिरकी करायचा.

महिन्याभरात वासराचे मागचे पाय ताठले, उठता येईना. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "अशा तेलाने अंगातलं ई जीवनसत्त्व संपतं. तेल वाढवलं तर तेही वाढवावं लागतं." इंजेक्शन दिलं, पण उभं राहील याची खात्री दिली नाही.

शेजारी म्हणाला, "म्हणजे तें ई मातशें कमी पडलें." मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तो सकाळ-संध्याकाळ हजर. पोटाखाली गोणपाट घालून वासराला उभं धरायचा, स्वतःच्या कंबरेला शिव्या देत. नवव्या दिवशी त्याने गोणपाट सोडलं. वासरू चाललं, मग बसलं.

"सात पावलां," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला आकडा. मी मोजली होती सहा, पण सातच धरली.