खडूचा हात

विल्नियसच्या जुन्या गावातलं संत युस्टीनाचं चर्च परक्या राजवटीच्या सरकारनं कागदाचं गोदाम केलं, तेव्हा तेक्ले एकवीस वर्षांची होती. कारकून म्हणून तिचीच नेमणूक झाली. जिथं तिचा बाप्तिस्मा झाला होता, तिथं आता कागदाचे गठ्ठे कमानींना टेकले. तिनं कुरकूर केली नाही. नोकरी होती आणि इमारत रोज नजरेखाली होती. पाऊस कुठल्या मनोऱ्यातून झिरपतो, गिलाव्याचे देवदूत कुठं सैल झालेत, सगळं तिला ठाऊक झालं. नेपोलियनच्या सैन्यानं इथं घोडे बांधले होते. घोडे गेले तसे गठ्ठेही जातील, असं ती नवऱ्याला सांगायची.

एका उन्हाळ्यात हुकूम आला, घुमटातली चित्रं पांढरी करा. तेक्लेनं चुना संपल्याचं कळवलं. मग स्वतःच पिंपात खडू कालवला आणि चिकटायला नावापुरता सरस टाकला. रंगाऱ्यांनी तेच घुमटाला फासलं. साहेबानं वर पाहिलं, पांढरं दिसलं, सही करून तो गेला.

तीस वर्षांनी देश स्वतंत्र झाला, चर्च परत मिळालं. चित्रं दुरुस्त करणारा रिमगाउदस परांची बांधून आला. वर पाहून त्याचा चेहरा पडला.

"चुन्याचे थर आहेत, मावशी. खरवडायला पाच वर्षं लागतील."

"चुना कुठला? ओला स्पंज टेकव."

"तीनशे वर्षांचं चित्र आहे. घरातली परात नव्हे."

"म्हणून तर टेकव म्हणते. घासू नकोस."

त्यानं एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा ओली केली. पांढरं विरघळून खाली ओघळलं, निळं आभाळ दिसू लागलं. त्यानं शेजारची जागाही ओली करून पाहिली. मग त्यानं विचारलं, हे कुणाचं काम?

"माझं. रंगाऱ्यांना कळलं होतं. त्यांनी तोंड उघडू नये म्हणून दोन आठवडे हेरिंग मासे आणि बटाटे खाऊ घातले."

घुमट त्याच शरद ऋतूत मोकळा झाला. पाद्रीबाबांनी चर्चच्या किल्ल्या तेक्लेकडेच ठेवल्या. आता ती पर्यटकांच्या वाटाड्यांच्या चुका सुधारते. मनोरे आगीनंतर पुन्हा बांधलेत, मूळचे नव्हेत, हे ती प्रत्येकाला बजावते. वाटाडे तिला टरकून असतात. रविवारी मिसेची प्रार्थना आटोपली की ती दार लावते आणि घरी जाऊन थंडगार बिटाच्या सारात गरम बटाटा बुडवून निवांत जेवते.